जी-७, जी-२०, कॉप : श्रीमंत देशांच्या बैठका आणि खानदेशात आलेला पैसा

एरंडोलहून महामार्गाला लागलं की दोन दिशा फुटतात. पूर्वेला जळगाव, पुढे भुसावळ. तिथे दीपनगरला महानिर्मितीचं कोळशावर चालणारं औष्णिक वीज केंद्र आहे. पश्चिमेला पारोळा, धुळे आणि पुढे साक्री. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला त्याच महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून वीज देतो. एका बाजूला धुराची चिमणी, दुसऱ्या बाजूला काचेची पॅनेलं आणि या दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर आपलं गाव. साक्रीच्या प्रकल्पाला पैसा दिला तो जर्मनीच्या सरकारी विकास बँकेने, म्हणजे केएफडब्ल्यूने. सुमारे २५ कोटी युरो. आता ‘दिला’ म्हणजे दान केला असं समजू नका. ते कर्ज आहे.

दरवर्षी श्रीमंत देशांच्या परिषदा भरतात. पुढारी समुद्राकाठी नाहीतर डोंगरातल्या हॉटेलात रांगेत उभे राहतात, फोटो निघतो, अब्जावधी डॉलरचे आकडे जाहीर होतात. हा पैसा नेमका जातो कुठे आणि आपल्यापर्यंत त्यातलं काही येतं का, असा प्रश्न आपल्या घराघरात पडतो. येतं. पण कोणत्या नावाने येतं आणि परत किती द्यावं लागतं, हे बातमीत क्वचितच सांगितलं जातं. म्हणून हा लेख. कॉलेजातल्या आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना उपयोगी पडावं म्हणून सन आणि आकडेही दिले आहेत.

कोण कुठे बसतं

१९७३ च्या युद्धाच्या वेळी अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत तेलाचे भाव चौपट झाले. श्रीमंत देश हादरले. त्या धक्क्यातून १९७५ मध्ये फ्रान्समधल्या रांबुये इथे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली आणि जपान या सहा देशांचे प्रमुख एकत्र आले. पुढच्या वर्षी कॅनडा आला आणि जी-७ झाला. १९९८ मध्ये रशियाला घेतलं तेव्हा जी-८ झाला. २०१४ मध्ये क्रिमियाच्या प्रकरणावरून रशियाला बाहेर ठेवलं, पुन्हा सातच उरले. म्हणजे या बैठकीचा जन्म तेलाच्या आणि महागाईच्या चिंतेतून झाला. गरीब देशांचा विषय नंतर आला, हे लक्षात ठेवलेलं बरं. या गटाला ना घटना आहे ना कायमचं कार्यालय. तिथे जे ठरतं ते आश्वासन असतं, करार नव्हे.

जी-२० हा मोठा गट. १९९९ मध्ये तो अर्थमंत्र्यांच्या पातळीवर सुरू झाला आणि २००८ च्या आर्थिक संकटानंतर देशांचे प्रमुख त्यात बसू लागले. त्यात भारत आहे, चीन आहे आणि सौदी अरब, तुर्कस्तान, इंडोनेशिया हे तीन मुस्लिमबहुल देशही आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये हीच परिषद दिल्लीत झाली आणि आफ्रिकन युनियनला कायमचं सदस्यत्व मिळालं. त्या वर्षी या गटाच्या छोट्या-मोठ्या बैठका मुंबई, पुणे, नागपूर आणि औरंगाबादलाही झाल्या. रस्ते धुतले गेले, भिंती रंगवल्या गेल्या, तेवढं लोकांना आठवतं.

तिसरी बैठक कॉपची. ही संयुक्त राष्ट्रांची. १९९२ मध्ये ब्राझीलमधल्या रिओला हवामान बदलाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यावर सह्या करणारे जवळपास दोनशे पक्ष दरवर्षी जमतात, तीच कॉप. पहिली १९९५ मध्ये बर्लिनला झाली. इथे मालदीवसारख्या चिमुकल्या देशालाही खुर्ची असते आणि निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यावा लागतो. म्हणून कॉपचं काम मुंगीच्या गतीने चालतं. पण जे ठरतं त्याला जी-७ च्या पत्रकापेक्षा जास्त वजन असतं.

साधा फरक सांगायचा तर जी-७ आणि जी-२० मध्ये खिसा भरलेले लोक आपसात ठरवतात. कॉपमध्ये ज्याच्या घरात पाणी शिरलंय तोही बोलतो.

२००५ चं ग्लेनईगल्स आणि त्यानंतर

मदत आणि हवामान हे दोन विषय एकाच टेबलावर ठळकपणे आले ते जुलै २००५ मध्ये, स्कॉटलंडच्या ग्लेनईगल्स इथे. यजमान होते ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर. भारताचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनाही चीन, ब्राझील, मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिकेच्या नेत्यांसोबत बोलावलं होतं. परिषद चालू असतानाच लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. पण तिथे जाहीर झालेले शब्द कागदावर आहेत : २०१० पर्यंत गरीब देशांना वर्षाला ५० अब्ज डॉलरची जादा मदत, त्यातली निम्मी आफ्रिकेला, आणि अतिगरीब देशांचं आंतरराष्ट्रीय संस्थांकडचं कर्ज माफ. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.)

कर्जमाफीचा भाग बऱ्यापैकी पाळला गेला, हे मान्य केलं पाहिजे. सुरुवातीला १८ देशांचं सुमारे ४० अब्ज डॉलरचं कर्ज त्यात होतं, आणि काही आफ्रिकी देशांना शाळा-दवाखान्यांवर खर्च करायला त्यामुळे हात मोकळा झाला. जादा मदतीचं आश्वासन मात्र २०१० उजाडलं तेव्हा बरंच अपुरं राहिलं होतं.

हवामानावर ग्लेनईगल्सला गोलमोल भाषा झाली. अमेरिकेत तेव्हा जॉर्ज बुश होते आणि आकडा लिहायला त्यांची तयारी नव्हती. २००७ मध्ये जर्मनीतल्या हायलिगेनडाम इथे २०५० पर्यंत जगाचं उत्सर्जन निम्मं करण्याचा ‘गांभीर्याने विचार करू’ एवढ्यावर गाडी आली. २००९ मध्ये इटलीतल्या लाक्विला इथे तापमानवाढ दोन अंशांच्या आत ठेवली पाहिजे, हे पहिल्यांदा मान्य झालं. त्याच वर्षाच्या शेवटी कोपनहेगनच्या कॉपमध्ये तो प्रसिद्ध आकडा आला : २०२० पासून गरीब देशांना दरवर्षी १०० अब्ज डॉलर. आजच्या हिशोबाने साडेआठ लाख कोटी रुपयांच्या पुढे.

एरंडोलला कागदाचं नवल नाही. इथे हाताने कागद बनवण्याचा धंदा एके काळी चांगला चालायचा, ब्रिटिशकाळच्या गॅझेटियरातही त्याची नोंद आहे. कागद किती पक्का आहे हे तो ओला झाल्यावर कळतं, ते इथल्या जुन्या कारागिरांना वेगळं सांगावं लागलं नसतं. १०० अब्जांच्या कागदाचं काय झालं ते पाहा. श्रीमंत देशांची संघटना ओईसीडी याचा हिशोब ठेवते. तिच्याच आकड्यांप्रमाणे २०२० मध्ये ८३.३ अब्ज जमले, २०२१ मध्ये ८९.६ अब्ज, आणि २०२२ मध्ये ११५.९ अब्ज. म्हणजे वायदा पुरा झाला, पण दोन वर्षं उशिरा. दोन वर्षं फार नाहीत असं कुणी म्हणेल. बँकेचा हप्ता दोन वर्षं थकवून बघा, मग कळेल.

आणि उशीर हा त्यातला छोटा दोष आहे. मोठा दोष आत आहे.

मदत की कर्ज

आपल्या घरात हा फरक लहान मुलालाही कळतो. जकात किंवा सदका दिला की तो परत मागायचा नसतो. कर्ज-ए-हसना दिलं तर मुद्दल परत घ्यायचं, त्यावर एक पैसाही नाही. आणि बाजारातून व्याजाने उचललेलं कर्ज ही तिसरीच गोष्ट. गल्लीतल्या कुणी व्याजाने पैसे दिले आणि मग ‘मी त्याला मदत केली’ असं सांगत फिरला, तर लोक हसतील.

आंतरराष्ट्रीय हिशोबात मात्र हे तिन्ही एकाच टोपलीत मोजले जातात. २०२२ मध्ये श्रीमंत देशांच्या सरकारांकडून आणि त्यांच्या पैशावर चालणाऱ्या बँकांकडून हवामानासाठी जो सार्वजनिक निधी आला, त्यातला सुमारे ६९ टक्के भाग कर्जाचा होता. परत न मागण्याचं अनुदान सुमारे २८ टक्के. १०० अब्जांच्या हिशोबात कर्जाची पूर्ण रक्कम धरली जाते, ते परत फेडलं जाणार असलं तरी. ऑक्सफॅमसारख्या संस्था वर्षानुवर्षं यावर बोट ठेवत आल्या आहेत.

याहून जुना एक वायदा आहे. १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठरलं की श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम विकासासाठी द्यावी. शंभर रुपयांमागे सत्तर पैसे. जकातीचे अडीच टक्के वर्षभर शिल्लक राहिलेल्या मालावर असतात आणि हा आकडा उत्पन्नावर आहे, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना होत नाही. तरी सत्तर पैसे म्हणजे किती याचा अंदाज यावा. २०२४ मध्ये या देशांची सरासरी ०.३३ टक्के होती. एकूण मदत आदल्या वर्षापेक्षा सात टक्क्यांनी घटून २१२ अब्ज डॉलरवर आली. ०.७ ची रेषा त्या वर्षी ओलांडली ती नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग या चारच देशांनी. जी-७ मधला एकही देश त्यात नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली मदतसंस्था यूएसएडच मोडीत काढली आणि ब्रिटनने आपला हिस्सा ०.५ वरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. कारण सांगितलं संरक्षणखर्चाचं.

पाकिस्तानचं उदाहरण आपल्याकडे राजकारणात अडकतं, पण इथे ते टाळता येत नाही. २०२२ च्या पुरात तिथे ३ कोटी ३० लाख लोकांना फटका बसला, १,७०० हून जास्त माणसं गेली, नुकसान ३० अब्ज डॉलरच्या वर. जगाच्या उत्सर्जनात त्या देशाचा वाटा एक टक्काही नाही. पुढच्या जानेवारीत जिनिव्हाला परिषद भरली आणि नऊ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम जाहीर झाली. त्यातली बहुतेक प्रकल्पांसाठीच्या कर्जाच्या रूपात होती. म्हणजे घर वाहून गेलेल्याला नवं घर बांधायला उधारी.

त्याच पुराच्या छायेत नोव्हेंबर २०२२ मध्ये इजिप्तच्या शर्म अल शेख इथे ‘हानी आणि नुकसान’ निधी काढायचं ठरलं आणि पुढच्या वर्षी दुबईच्या कॉपमध्ये तो पहिल्याच दिवशी सुरू झाला. संयुक्त अरब अमिरातीने आणि जर्मनीने प्रत्येकी १० कोटी डॉलर जाहीर केले. अमेरिकेने पावणेदोन कोटी. जगातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेचा हा आकडा आम्ही दोनदा तपासून लिहिला आहे.

२०२४ मध्ये बाकूला नवा वायदा झाला : २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर. गरज १.३ लाख कोटी डॉलरची आहे असं विकसनशील देश सांगत होते. सभापतींनी हातोडा आपटून ठराव मंजूर केला, त्यानंतर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी उभं राहून त्याला विरोध नोंदवला आणि हा ठराव म्हणजे निव्वळ दृष्टिभ्रम आहे अशा अर्थाचं त्या बोलल्या. त्या वेळी टाळ्याही वाजल्या. ठराव मात्र तसाच राहिला.

इथे आपल्यालाही आरशात बघावं लागेल. पश्चिमेकडे बोट दाखवणं सोपं आहे. एका माणसामागे वर्षाला भारतात सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. पण कतार, कुवेत, अमिराती यांचे आकडे अमेरिकेच्याही पुढे आहेत. खानदेशातल्या कितीतरी घरांत तिकडून पैसा येतो, आपले भाऊबंद त्याच उन्हात तिथे राबतात. १९९२ च्या करारात ज्या देशांवर पैसे देण्याची जबाबदारी टाकली त्या यादीत आखाती देश नाहीत, कारण तेव्हा त्यांना विकसनशील धरलं होतं. आज ती यादी जुनी झाली आहे, असं युरोप म्हणतो. त्यात युरोपचा स्वार्थ आहे, पण मुद्दा खोटा नाही. एकूण उत्सर्जनात भारतही आता तिसऱ्या नंबरवर आहे. २०२१ मध्ये ग्लासगोला भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्याचं उद्दिष्ट जाहीर केलं, आणि त्याच काळात दीपनगरला ६६० मेगावॉटचा कोळशाचा नवा संच उभा राहत होता. विजेची गरज खरी आहे, भारनियमनाचे दिवस आम्ही विसरलेलो नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच महामार्गावर घडल्या, एवढं नोंदवून ठेवतो.

आपल्या जिल्ह्यात आलेला पैसा

आता घराजवळ येऊ. साक्रीचा सौर प्रकल्प म्हणजे उत्सर्जन घटवण्यासाठी आलेला पैसा. दुसरा प्रकार असतो अनुकूलनाचा, म्हणजे हवामान बिघडलंच आहे तर त्याची झळ सोसायची तयारी करण्याचा. शेततळं, ठिबक, कमी पाण्याचं बियाणं, उष्णतेत काम करणाऱ्यांना सावली, हे सगळं त्यात येतं. श्रीमंत देशांना पहिला प्रकार आवडतो, कारण त्यात वीज विकून कर्ज फिटतं. शेततळ्यातून डॉलर निघत नाहीत. म्हणूनच २०२२ च्या ११५.९ अब्जांत अनुकूलनाला मिळाले फक्त ३२ अब्जांच्या आसपास.

खानदेशाला गरज कशाची आहे? मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो हे राज्यभर माहीत आहे. कापूस वेचणीला आला की अवकाळी पाऊस येतो. केळीच्या बागा ऐन उन्हाळ्याच्या वाऱ्यात आडव्या होतात. गिरणा धरण भरलं तर वर्ष निघतं, नाही भरलं तर गावोगाव टँकर. केळीच्या फळपीक विम्यात तर किती दिवस किती तापमान राहिलं यावर भरपाई ठरते. म्हणजे हवामान बदल हा आपल्याकडे सातबारा आणि पासबुकाच्या भाषेत पोहोचलेला विषय आहे.

अनुकूलनाचा पैसा आपल्या जिल्ह्यात आला तो ‘पोकरा’च्या नावाने. पूर्ण नाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. फेब्रुवारी २०१८ मध्ये जागतिक बँकेने यासाठी ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. या बँकेत सर्वांत मोठे हिस्से अमेरिका, जपान, चीन, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन यांचे आहेत, म्हणजे जी-७ चाच मोठा आवाज. एकूण प्रकल्प सुमारे ४ हजार कोटी रुपयांचा; सत्तर टक्के बँकेचं कर्ज, तीस टक्के राज्य सरकारचे. मराठवाड्याचे आठ, विदर्भाचे सहा आणि उत्तर महाराष्ट्रातून एकटा जळगाव, असे १५ जिल्हे आणि ५,१४२ गावं पहिल्या टप्प्यात घेतली. त्यात पूर्णा खोऱ्यातली खारपाण पट्ट्याची गावंही होती.

पैसा कसा फिरतो ते पाहा. बँक केंद्र सरकारला देते, केंद्र राज्याला, राज्याचा कृषी विभाग शेतकऱ्याच्या खात्यात अनुदान टाकतो. गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समिती असते, ती गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडते आणि अर्जांना मंजुरी देते. ठिबक, तुषार, शेततळं, फळबाग, शेडनेट अशी कामं त्यातून होतात. शेतकऱ्याला मिळतं ते अनुदान, त्याला ते फेडायचं नाही. फेडायचं आहे सरकारला, म्हणजे शेवटी कर भरणाऱ्या सगळ्यांना. काडेपेटी विकत घेणाऱ्यालाही. कर्जाची मुदत २४ वर्षं, त्यात पहिली ६ वर्षं सवलतीची. २०१८ च्या सुरुवातीला डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो ८५ च्या पुढे गेला. कर्ज डॉलरमध्ये आहे. शेवटचे हप्ते २०४२ च्या सुमारास जातील, तेव्हा आज दुसरी-तिसरीत असलेली मुलं कमावती झालेली असतील.

तरीही हे कर्ज वाईट म्हणायला आमची जीभ रेटत नाही. व्याज सावकाराचं नाही, मुदत लांब आहे आणि ज्याच्या शेतात शेततळं झालं त्याची एक पाळी पाण्यावाचून जळाली नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. हे कर्ज मोठ्या परिषदेत ‘आम्ही गरीब देशांना दिलं’ म्हणून मोजलं जातं तेव्हा त्यात कर भरणाऱ्याचा घाम दिसत नाही. शिवाय अनुदान मिळण्याआधी काम स्वतःच्या पैशाने करून दाखवावं लागतं, मग बिल लावायचं. ज्याच्या हातात सुरुवातीचे पन्नास हजार नाहीत तो रांगेत उभाच राहत नाही. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने ठिबकसाठी नातेवाइकांकडून उसने घेतले, अनुदान आलं तोवर दोन सण उधारीत गेले. आलं, हेही सांगितलं पाहिजे.

सौरविजेचीही दुसरी बाजू आहे. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत मंत्रालयात विष घेतलं आणि काही दिवसांनी त्यांचं निधन झालं. दोंडाईचाच्या वीज प्रकल्पासाठी त्यांची जमीन गेली होती आणि इतरांच्या मानाने फारच कमी मोबदला मिळाला, ही त्यांची तक्रार होती. तो प्रकल्प आधी कोळशाचा ठरला होता, पुढे सौर झाला. साक्रीच्या प्रकल्पाशी किंवा जर्मन कर्जाशी त्याचा संबंध नाही. पण कोळसा असो की ऊन, वीज बनवायला जमीन लागते आणि ती कुणाच्या तरी नावावर असते.

ज्यांच्या नावावर काहीच नाही

या सगळ्या योजनांची दारं सातबाऱ्याने उघडतात. एरंडोल, कासोदा, धरणगाव, पारोळा इथल्या आपल्या समाजात जमीनदार थोडे. बागवान आहेत, हातगाडीवर फळं विकणारे आहेत, गवंडी, ट्रकचे क्लीनर, वीटभट्टीवरचे मजूर आहेत. धुळ्याला आणि पलीकडे मालेगावला पत्र्याखालच्या यंत्रमागावर दिवसभर उभे राहणारे आहेत. पंचेचाळीस अंशांत दुपारी बारा ते चार काम बंद ठेवलं तर रोजी बुडते, चालू ठेवलं तर तब्येत. केळी करपली तर शेतकऱ्याला निदान विम्याचा अर्ज करता येतो, हातगाडीवर सडलेल्या केळीचा विमा नसतो. पॅरिस करारात, बाकूच्या ठरावात, जी-७ च्या पत्रकांत ‘सर्वाधिक असुरक्षित घटक’ असे शब्द येतात. ते हेच लोक आहेत, फक्त त्यांना ते माहीत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेमला झालेल्या कॉपमध्ये अनुकूलनाचा निधी २०३५ पर्यंत तिप्पट करण्याचं आवाहन झालं. आवाहन म्हणजे बंधन नव्हे, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याच महिन्यात जोहान्सबर्गच्या जी-२० परिषदेला अमेरिका गेलीच नाही. वरून येणारी धार बारीक होत चालली आहे, त्यामुळे जे येतं ते कुणाच्या वाट्याला जातं याला जास्त महत्त्व आलं आहे.

त्या दृष्टीने एक माहिती. पोकराच्या पहिल्या टप्प्यात भूमिहीन कुटुंबांसाठी आणि विधवा महिलांसाठी शेळीपालन, परसातल्या कोंबड्या असे घटक होते. पुष्कळांना ते कळलंच नाही, कारण प्रकल्पाच्या नावात ‘कृषी’ आहे आणि ‘आपलं शेत कुठे’ म्हणून लोकांनी विचारलंच नाही. प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यालाही मंजुरी मिळाली आहे. त्यात जळगावसह २१ जिल्हे आणि सात हजारांहून अधिक गावं आहेत. आपलं गाव यादीत आहे का, समितीत कोण आहे, बिनजमिनीच्या कुटुंबासाठी यावेळी कोणता घटक चालू आहे, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत विचारता येतं. जाताना आधार कार्ड आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक सोबत ठेवा. समितीची बैठक कधी आहे तेही विचारून घ्या, आणि घरातल्या बाईच्या नावाने अर्ज करता येतो का हेही.